हातचं काम: सायकलीच्या मागची गाडी



मागच्या अंकात विजेवरच्या ओफानाइमच्या, म्हणजे सायकलीच्या, बॅटरीची निगा कशी राखायची ते लिहिलं होतं. त्यानंतर जे फोन आले त्यांत बॅटरीबद्दल विचारणारे थोडे आणि सामानाबद्दल विचारणारे फार. अश्दोदच्या एका ताईंनी सरळच विचारलं, "भाऊ, सायकल घेतली, बाजारात जाऊन पोचले, पण आणू काय आणि कशावरून? हँडलला दोन पिशव्या लावल्या तर सायकल दारू प्यायल्यासारखी चालते."

ताईंचं बरोबर आहे. आपल्या वस्त्यांतून अशी पुष्कळ माणसं आहेत ज्यांनी गाडी कधी चालवली नाही, किंवा आता वयामुळे सोडली. आठवड्याचं सामान शुक्रवारी आणायचं असतं. शुक्रवारी दुपारनंतर बसगाड्या बंद होत जातात, बाजारात भाजी तेव्हाच स्वस्त होते, आणि घरी शब्बाथची तयारी अर्धी राहिलेली असते. अशा वेळी मुलाला किंवा जावयाला फोन करून "जरा गाडी घेऊन ये रे" म्हणायचं नाही, आपलं सामान आपण आणायचं, एवढीच बऱ्याच जणांची इच्छा असते. ती काही लहान गोष्ट नाही. म्हणून आज सायकलीच्या मागे लावायची सामानाची गाडी घरच्या घरी कशी करायची ते पाहू.

इथे तिला निग्रार म्हणतात, म्हणजे मागून ओढली जाणारी. ओढायचं काम मोटर करते, तुम्हाला फारसं कळतही नाही. घोटाळा होतो तो थांबताना आणि वळताना. आमच्या वस्तीत एका पोराने बाजाराची दोन चाकी अगाला नायलॉनच्या दोरीने कॅरिअरला बांधली होती. चढावर झकास चालली. उतारावर ब्रेक दाबला तेव्हा सायकल थांबली, अगाला थांबली नाही. दोरी ओढू शकते, अडवू शकत नाही. अगाला त्याच्या मागच्या चाकाला येऊन धडकली आणि तो टोमॅटोंसकट रस्त्यावर आला. गुडघे सोलले, तेवढ्यावर निभावलं. तेव्हा गाडी करताना पहिला विचार थांबवण्याचा करा, ओढण्याचा नंतर.

वजन किती न्यायचं?

आधी हे ठरवा, मगच करवत हातात घ्या. दीड लिटरच्या सहा बाटल्यांचा पाण्याचा एक गठ्ठा म्हणजे ९ किलो. दोन गठ्ठे १८ किलो. उन्हाळ्यातलं एक चांगलं कलिंगड ८-१० किलो सहज भरतं. भाजी, बटाटे, कांदे मिळून आणखी थोडं. म्हणजे ३० किलोत घरचा आठवडा बसतो. मलिद्याचं सामान, पोहे, नारळ, फळं, असं सगळं प्रार्थनालयाच्या हॉलपर्यंत न्यायचं असेल तरी ३० किलोत भागतं. गाडीचं स्वतःचं वजन १० किलोच्या आसपास ठेवता येतं. म्हणजे एकूण ४० किलो. पुढचे सगळे आकडे मी या ४० किलोंवर दिले आहेत. सायकलीच्या पुस्तिकेत वजनाची मर्यादा लिहिलेली असते, तीही पाहून घ्या. काही सायकलींना मागे गाडी जोडू नका असं त्यातच छापलेलं असतं. तसं असेल तर तो विषय तिथेच संपला.

आणखी एक मोजमाप आधी घ्या: तुमच्या इमारतीच्या दाराचं आणि लिफ्टच्या दाराचं. गाडी फार सुंदर झाली आणि लिफ्टमध्ये शिरली नाही तर ती रात्रभर जिन्याखाली राहील आणि सकाळी दिसणार नाही. मी जी मापं देतो आहे त्यात गाडीची एकूण रुंदी ७५ सेंटिमीटर होते. तुमचं दार त्याहून अरुंद असेल तर चाकं काढता येतील अशी ठेवा.

चाकं

लहान मुलांच्या टाकून दिलेल्या सायकली इथे कचऱ्याच्या डब्यांजवळ नेहमी दिसतात. आल्टे-जाखेन ओरडत फिरणाऱ्या भंगारवाल्याकडेही मिळतात. २० इंची दोन सारखी पुढची चाकं शोधा. मागची नकोत, त्यांत दातेरी चक्र आणि ब्रेकचा पसारा असतो. हातात धरून फिरवा. छर्रे खरखरत असतील तर ग्रीस भरून पाहा, तरी खरखरलं तर दुसरं चाक घ्या. रिम डुगडुगत असेल तर तारा आवळून सरळ करता येते, पण वाकलेली रिम घेऊ नका. टायर-ट्यूब मात्र नवीन घाला, तिथे काटकसर नको.

बाजाराच्या अगालाची छोटी कडक चाकं चालत नाहीत. ती माणसाच्या चालण्याच्या वेगासाठी असतात. सायकलीच्या वेगाला ती तापतात, खड्ड्यात अडकतात आणि गाडी उडते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. सायकलीच्या पुढच्या चाकाचा आस दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरलेला असतो. तो बारीक असतो, एकाच बाजूने धरला तर वजनाखाली वाकतो. म्हणून आपल्या गाडीतही प्रत्येक चाकाला आत एक आणि बाहेर एक असा दोन्हीकडून आधार द्यायचा. फक्त चाकांच्या खुर्चीची, म्हणजे व्हीलचेअरची, मोठी चाकं याला अपवाद आहेत. त्यांचा आस जाड असतो आणि तो एकाच बाजूने धरण्यासाठीच बनवलेला असतो. तशी जोडी मिळाली तर काम निम्मं होतं.

साटी

बैलगाडीच्या ज्या भागावर माल ठेवतात त्याला आपल्याकडे साटी म्हणत. आपल्या साटीसाठी माझी पहिली पसंती जुन्या ॲल्युमिनियमच्या शिडीला आहे. शिडीचा ९० सेंटिमीटरचा तुकडा कापा. दोन बाजूंचे दांडे आणि मधले पाय आयतेच जोडलेले मिळतात, वेल्डिंग लागत नाही. रुंदी साधारण ४५ सेंटिमीटर असावी. त्यावर ९ मिलिमीटरची प्लायवूड बोल्टने बसवा आणि दोन हात रंग द्या, नाहीतर पहिल्या पावसात ती फुगेल. ६० बाय ४० चा भाजीचा प्लास्टिक क्रेट यावर नीट बसतो आणि मागे एका पोत्याला किंवा कलिंगडाला जागा राहते.

चाकांचा आधार असा करा. २५ मिलिमीटरच्या लोखंडी चौकोनी नळीचे ७५ सेंटिमीटर लांबीचे दोन तुकडे घ्या. हे शिडीखालून आडवे जातील, एक चाकाच्या पुढे, एक मागे. २० इंची चाकाचा व्यास साधारण ५० सेंटिमीटर असतो, म्हणून दोन आडव्या नळ्यांत ५६ ते ५८ सेंटिमीटर अंतर ठेवा. त्यांच्या टोकांना दोन्हीकडे एकेक उभी नळी बोल्ट करा. आता शिडीचा दांडा आत आणि ही नळी बाहेर, यांच्यामध्ये चाक फिरेल. दोघांना ५ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचे खाचा असलेले तुकडे लावा आणि आस त्या खाचांत बसवून नटाने आवळा. पुढच्या चाकाच्या हबला बहुतेक १० सेंटिमीटर जागा लागते, पण लहान सायकलींत फरक असतो, म्हणून आपलं चाक मोजूनच खाचा पाडा. खाचेचं तोंड खाली ठेवा. वजन खाली दाबतं तेव्हा आस खाचेत वर घट्ट बसतो.

साटी आसाच्या पातळीला किंवा बोटभर खाली आली पाहिजे. सामान जितकं खाली तितकी गाडी वळणावर कमी कलंडते. चाकांच्या वर फळी ठोकून त्यावर क्रेट ठेवणं सोपं वाटतं, पण मग पाण्याचे गठ्ठे कमरेएवढ्या उंचीवर जातात आणि फुटपाथच्या कडेवर एक चाक चढलं की सगळं आडवं होतं.

दोन्ही चाकं समांतर आहेत का ते पाहायला टेप लावा. पुढच्या बाजूला रिम ते रिम अंतर आणि मागच्या बाजूला तेच अंतर, यात दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. फरक राहिला तर टायर घासत चालतात आणि बॅटरी विनाकारण खाली होते. सगळीकडे नायलॉनची कडी असलेले नट वापरा. साधे नट हादऱ्याने सुटतात.

ज्यांच्याकडे हत्यारं नाहीत त्यांनी कापणं-जोडणं वस्तीतल्या मसगेरकडून, म्हणजे लोखंडकाम करणाऱ्याकडून, करून घ्यावं. कागदावर मापं लिहून न्या, तोंडी सांगू नका. आणि जुनी मुलं बसवायची सायकलगाडी कुणी विकत असेल तर तीही घ्यायला हरकत नाही. कापड आणि बैठक काढली की खाली चाकं, दांडी, जोड सगळं तयार मिळतं.

आस कुठे?

ज्यांनी अलिबाग-पेणकडे बैलगाडी भरताना पाहिली आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेला फास बसायला लागतो. माल पुढे जास्त झाला तर बैलांच्या खांद्यावर ओझं येतं. गाडीवान माल भरला की जू हाताने उचलून बघायचा आणि मग दोन पोती पुढे किंवा मागे सरकवायचा. आपल्याला तेच करायचं आहे, बैलाच्या जागी सायकल आहे इतकंच.

सायकलीच्या मागची गाडी उलाळ झाली तर दांडी सायकलीचं मागचं चाक वर उचलू पाहते. मागच्या चाकाची पकड जाते, आणि वेग वाढला की गाडी शेपटीसारखी डावी-उजवी हलायला लागते. ते हलणं एकदा सुरू झालं की ब्रेकने वाढतं. म्हणून दांडीच्या टोकावर थोडं वजन खाली दाबणारं असलंच पाहिजे, एकूण वजनाच्या शेकडा ५ ते १०.

हिशेब सोपा आहे. सायकलीच्या जोडापासून गाडीच्या आसापर्यंत १३० सेंटिमीटर धरा. साटी ९० सेंटिमीटर लांब, म्हणजे तिचा मध्य ४५ वर. आस मध्यावर न ठेवता १० सेंटिमीटर मागे, म्हणजे साटीच्या पुढच्या कडेपासून ५५ वर ठेवा. सामान सारखं पसरलं असेल तर ४० किलोला १० ने गुणा आणि १३० ने भागा. उत्तर येतं ३ किलो. एवढं वजन दांडीच्या टोकावर येईल, आणि ते बरोबर आहे. या मापाने साटीच्या पुढे दांडी ७५ सेंटिमीटर उरते.

घरी तपासायचं तर गाडी भरा, दांडीचं टोक सायकलीला असतं त्याच उंचीवर येईल असं ठोकळ्यावर ठेवा आणि त्या ठोकळ्याखाली वजनाचा काटा ठेवा. ठोकळ्याचं वजन वजा करायला विसरू नका. दोन किलोंपेक्षा कमी आलं तर जड सामान पुढे सरकवा. चारांच्या वर गेलं तर मागे. दोन-तीनदा केलं की हाताला अंदाज येतो, मग काट्याची गरज उरत नाही.

जोड

सगळ्या कामात हा भाग लहान आणि सगळ्यात जोखमीचा. जोडाला तीन प्रकारे हलता आलं पाहिजे. एक, डावीकडे-उजवीकडे, वळण्यासाठी. दोन, वर-खाली, चढ-उतार आणि गतिरोधकासाठी. तीन, पिळल्यासारखं, म्हणजे सायकल कलली किंवा आडवी पडली तरी गाडी आपल्या दोन चाकांवर उभी राहावी. नुसत्या एका बोल्टवर पहिली हालचाल मिळते, बाकीच्या दोन मिळत नाहीत आणि बोल्ट तुटतो.

घरगुती उपाय म्हणजे हायड्रॉलिक यंत्रांवर असते तशी आतून तारांचं विणकाम असलेली जाड रबरी नळी. १० ते १२ सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. त्याच्या एका टोकात दांडी आणि दुसऱ्या टोकात सायकलीकडच्या पट्टीची कांडी घुसवून दोन्हीकडे आरपार बोल्ट घाला. नळी तिन्ही बाजूंनी वाकते, खडखडत नाही, आणि थांबताना पुढे येणारी गाडी अडवून धरते. बागेतली पाण्याची नळी किंवा ठिबकची नळी यासाठी चालणार नाही. वर्षातून एकदा तुकडा बदला आणि रबराला तडा दिसला तर त्याच दिवशी बदला.

जोडीला सुरक्षेचा पट्टा हवाच. नायलॉनचा रुंद पट्टा दांडीला पक्का करून सायकलीच्या चौकटीभोवती एक फेरा द्या आणि कडीने अडकवा. जोड तुटला तरी गाडी मागे सुटून रस्त्यावर कुणाच्या अंगावर जाणार नाही.

सायकलीला जोड कुठे लावायचा? कॅरिअरला नाही. कॅरिअर उंच असतो, आणि तिथून गाडी ढकलायला लागली की सायकल ब्रेकच्या वेळी वाकडी होते. मागच्या चाकाच्या आसाजवळ, डाव्या बाजूला, ही योग्य जागा, कारण उजवीकडे साखळी असते. पण इथे विजेच्या सायकलीचा एक पेच आहे. ज्यांची मोटर मागच्या चाकात आहे, आणि इथल्या पुष्कळ सायकलींची तिथेच असते, त्यांचा आस साधा नसतो. तो दोन बाजूंनी चपटा केलेला असतो आणि मोटरच्या जोराने तो खाचेत फिरू नये म्हणून त्यावर नाकवाला वायसर बसवलेला असतो. तो वायसर काढून त्या जागी आपली पट्टी बसवायची नाही. आस फिरला तर मोटरची वायर पिळून तुटते आणि चाक निसटू शकतं.

पट्टी लावायची तर वायसरच्या बाहेर, नटाच्या आत, आणि नट पूर्ण आवळल्यावर त्याच्या बाहेर आसाचे किमान दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर तिथे जागा नाही असं समजा. मोटरची वायर त्याच बाजूने बाहेर निघत असेल तरीही तिथे हात घालू नका. मग मागच्या चिमट्याच्या खालच्या नळीवर रुंद पकड रबर घालून आवळा, मात्र डिस्क ब्रेकच्या पंजाला आणि त्याच्या वायरला ती लागता कामा नये. चौकटीला भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. ॲल्युमिनियमची चौकट तिथूनच चिरते.

उजवं वळण

हिंदुस्थानात आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवत होतो, इथे उजव्या बाजूने चालवतो. म्हणून इथे आवळ वळण उजवीकडचं असतं. आणि आपला जोड डावीकडे आहे. उजवीकडे वळताना दांडी सायकलीच्या मागच्या टायरच्या दिशेने येते आणि सरळ दांडी असेल तर टायरला घासते. म्हणून दांडी जोडापासून आधी टायरच्या बाजूने सरळ मागे न्या, टायर संपल्यावर दोन बोटं जागा सोडून मग आत वाकवा, म्हणजे साटी सायकलीच्या बरोबर मागे येईल. वाकवणं मसगेरवर सोपवा. नळी हाताने वाकवली तर तिथे ती चेपते आणि पुढे तिथेच मोडते.

रस्त्यावर जाण्याआधी सायकलीवरून उतरून, हँडल हातात धरून, सायकल पूर्ण उजवीकडे वळवून पाहा. दांडी टायरला लागते का, ब्रेकच्या वायरला ओढ बसते का, हे उभ्या उभ्या कळतं. आणि लक्षात ठेवा, गाडीची चाकं सायकलीपेक्षा आतून वळतात. उजव्या कोपऱ्यावर सायकल नीट गेली तरी गाडीचं उजवं चाक फुटपाथच्या कडेवर चढतं. कोपरा जरा रुंद घ्या.

थांबणं

आता तो हिशेब, ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो धरा. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लावला तर साधारण ६ मीटरवर थांबता. मागे ४० किलो जोडले, ब्रेक मात्र तेच, तर साडेआठ मीटर लागतात. हे ब्रेक दाबल्यानंतरचं अंतर झालं. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर तेवढ्यात ७ मीटर आधीच गेलेले असतात. पण तीच भरलेली गाडी ताशी १५ किलोमीटरवर असेल तर ३ मीटरवर थांबते. वेग निम्म्याच्या जरा वर, आणि अंतर जवळजवळ तिसरा हिस्सा. कोणत्याही महागड्या ब्रेकपेक्षा हा उपाय स्वस्त आहे.

म्हणून माझा नियम असा की गाडी भरलेली असताना १५ च्या वर जायचं नाही. वळणाच्या आधी सरळ रेषेत वेग कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही. वळलेल्या सायकलीला गाडी मागून तिरकी ढकलते आणि मागचं चाक बाजूला सरकतं. उतारावर सुरुवातीपासूनच हळू उतरायचं, वेग घेऊन मग आवरायला जायचं नाही. हायफासारख्या डोंगराळ गावात राहणाऱ्यांनी ३० ऐवजी १५ किलो सामानावर थांबावं, किंवा उतार पायी उतरावा. ब्रेकच्या पट्ट्या गाडी लावल्यावर लवकर झिजतात, महिन्यातून एकदा पाहा.

चढावर उलट काळजी. शेकडा ५ चा चढ, एकूण १४० किलो, ताशी १० किलोमीटर, याला सुमारे २३० वॉट लागतात. इथल्या कायद्याने मोटर २५० वॉटची, म्हणजे ती जवळजवळ पूर्ण जोरावर चालते, आणि चाकातली मोटर कमी वेगात तापते. पायांनी तिला मदत करा. हात लावून मोटर चटका देण्याइतकी गरम लागली तर सावलीत थांबा, पाणी प्या, तिलाही निवू द्या.

पहिली फेरी

पहिल्या दिवशी रिकामी गाडी घेऊन मोकळ्या मैदानात फिरा. मग पाण्याचे दोन गठ्ठे बांधून फिरा, ब्रेक लावून पाहा, दोन्हीकडे वळून पाहा. परत येऊन सगळे नट पुन्हा आवळा. नव्या जोडणीत पहिल्या दिवशी नट ढिले पडतातच. सामान बांधायला आवळता येणारे पट्टे वापरा. लवचिक दोरीचे आकडे सुटून डोळ्यावर येतात. मागे लाल दिवा, दोन लाल परावर्तक आणि एका लवचिक काठीवर भडक रंगाचं निशाण लावा. गाडी बुटकी असते, मोटारवाल्याला सायकल दिसते आणि मागची गाडी दिसत नाही.

नियमांचं थोडक्यात: विजेच्या सायकलीचा स्वार १६ वर्षांहून लहान नको, हेल्मेट हवं, मोटरची मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंतच, आणि फुटपाथवर चालवायची नाही. मागे गाडी लावण्याबद्दल आणि विम्याबद्दल आपल्या नगरपालिकेत व विमेवाल्याकडे विचारून घ्या, आणि उत्तर मिळेपर्यंत गाडी मैदानातच ठेवा.

आणि शेवटचं, पण मी पहिल्या ओळीत लिहायला हवं तेवढं महत्त्वाचं. गाडी तयार झाली की नातवंडं त्यात बसायला मागतील. "आजोबा, फक्त कोपऱ्यापर्यंत!" असं म्हणतील. नाही म्हणा. ही साटी कांद्या-बटाट्यांसाठी आहे. तिला पट्टे नाहीत, डोक्यावर आधाराची कमान नाही, आणि चाकाच्या तारा मुलाच्या बोटांपासून वीतभर अंतरावर फिरतात. मुलांसाठी वेगळ्या गाड्या तयार मिळतात. रडलं तर रडू द्या, कलिंगडाची एक फोड जास्त द्या.

अश्दोदच्या ताईंनी आणि इतरांनी गाडी केली तर मापं आणि काय अडलं ते जरूर कळवा. पुढच्या अंकात पंक्चर, टायरमधली हवा आणि उन्हाळ्यात टायर का फुटतात, हा विषय घेऊ. तोपर्यंत हळू चालवा. शब्बाथ शालोम!